नंदी महालात, नातू मानेवाड्यात

पत्र थोडक्यात असं:

"ताई, आमचं घर नागपुरात, महाल भागात. मुलाचा घटस्फोट २०२३ मध्ये आपसी संमतीनं झाला. नातू सात वर्षांचा, आईजवळ मानेवाड्याला राहतो. कोर्टात लिहून दिलं होतं की मुलगा नातवासाठी महिन्याला ८,००० रुपये खावटी देईल आणि पहिल्या न् तिसऱ्या रविवारी अकरा ते पाच पोरगं आमच्याकडे राहील. दिवाळी-उन्हाळ्याची सुटी अर्धी-अर्धी. दीड वर्ष बरं चाललं. मग मुलाची बुटीबोरीची नोकरी सुटली. आता तो गाड्यांचे एसी दुरुस्त करून राहिला, पण नऊ महिने झाले, खावटीचा एक पैसा दिला नाही. मधात एक सेकंडहँड कार घेतली, तिचा हप्ता मात्र दर महिन्याला जाते. चार महिन्यांपासून सून नातवाला पाठवत नाही. म्हणते, पैसे आले की पोरगं येईल. मुलगा म्हणते, पोरगं दाखवत नाही तर पैसे कशाचे? आणि ती कमावतेच ना. यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याला, मी लाकडी नंदी काढून पुसला, नवी झूल शिवली. पोरगं आलंच नाही. शेजारचे एक साहेब म्हणतात, खावटी बुडवली की बापाचा हक्कच संपते, वरून पोलीस घेऊन जातात. खरं आहे का? माझ्या पेन्शनीतून मी पैसे भरले तर चालते का? काही तरी सांगा जी."

— एक आजी, महाल

काकू,

शेजारच्या साहेबांनी तुमची झोप उडवलेली दिसते, म्हणून आधी त्यांचाच हिशेब करते. खावटी थकली की बापाचा हक्क संपतो, असं आपल्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. तुम्हाला हिंदू कायदा लागू आहे असं धरून सांगते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा आहे. त्याच्या कलम ६ प्रमाणे बाप, आणि त्याच्यानंतर आई, हे मुलाचे नैसर्गिक पालक. हे पालकत्व जातं कधी, तर तिथे दोनच प्रसंग दिलेत. माणूस हिंदू राहिला नाही, किंवा त्यानं संसार कायमचा सोडून वानप्रस्थ नाहीतर संन्यास घेतला. म्हणजे तुमच्या चिरंजीवांनी उद्या भगवी वस्त्रं चढवून रामटेकच्या गडावर मुक्काम ठोकला तर पालकत्व गेलं, पण महालात बसून खावटी बुडवली तर नाही. वकिलीच्या पहिल्या वर्षी हे कलम वाचून मी हसले होते.

त्यामुळे सही, नाव, वारसा यांतलं काही नऊ महिन्यांच्या थकबाकीनं पुसलं जात नाही. उद्या सुनेनं दुसरं लग्न केलं आणि नव्या नवऱ्यानं मुलाला दत्तक घ्यायचं म्हटलं, तरी तुमच्या मुलाची संमती साधारणपणे लागेलच.

तरी साहेब अगदीच हवेत बोलत नाहीत. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं गीता हरिहरन यांच्या प्रकरणात याच कलमातल्या "त्याच्यानंतर" या शब्दाचा अर्थ लावला. बाप मेल्यावरच आई पालक, असा तो अर्थ नाही. बाप जिवंत आहे पण मुलाकडे बघतच नाही, सगळा भार आईवर आहे, तर त्याच्या हयातीतच आई नैसर्गिक पालक म्हणून निर्णय घेऊ शकते. पालक ही पदवी बापाच्या नावापुढे राहते, पण तिच्यातला जीव हळूहळू निघून जातो. शाळा कोणती, डॉक्टर कोणता, बँकेचं खातं कुठं, यातलं त्याला कुणी विचारेनासं होतं. कुठल्या आदेशानं नाही, सवयीनं.

"हक्क संपतो" हे ज्ञान बहुतेक वेळा अमेरिकेतल्या भाच्याकडून फोनवर येतं. तिथे २,५०० डॉलरच्या वर बाल-खावटी थकली की पासपोर्ट मिळत नाही, राज्य सरकारं ड्रायव्हिंग लायसन्स अडवतात. पण थकबाकी आणि मुलाची भेट हे तिथेही साधारणपणे वेगवेगळेच विषय मानतात. तेव्हा साहेबांना म्हणावं, भाच्याला पुन्हा एकदा विचारा.

आता खरा प्रश्न. सून पोराला अडवू शकते का? नाही. तुमच्या २०२३ च्या हुकुमात दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या आहेत, खावटी आणि भेट. एक मोडली म्हणून दुसरी आपोआप रद्द होत नाही. विजेचं बिल थकलं की लाईन कापतात, तसं बाप-लेकाचं कनेक्शन आईला स्वतःच्या हातानं कापता येत नाही. तिला पैसे हवेत तर त्यासाठी कोर्टात वेगळा रस्ता आहे, तो पुढे सांगते. जानेवारी २०२० मध्ये यशिता साहू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की दोन्ही पालकांचं प्रेम आणि सहवास मिळणं हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे. हक्क मुलाचा आहे, हे लक्षात घ्या. बापानं हप्ता भरला म्हणून त्याला मिळालेलं ते बक्षीस नव्हे.

पण हेच वाक्य तुमच्या मुलाला वाचून दाखवायला जाल तर जरा थांबा. पोरगं दाखवत नाही तर पैसे कशाचे, हे त्याचं म्हणणं आणि पैसे नाही तर पोरगं नाही, हे सुनेचं म्हणणं, ही एकच गोष्ट आहे, फक्त उलटी धरलेली. कोर्ट दोन्ही नाकारतं. भेट जशी मुलाची, तशी खावटीही मुलाचीच. ती सुनेला दिलेली भीक नाही की तिच्या हातची मजुरी नाही. त्या ८,००० मध्ये त्याचं दूध आहे, स्कूल व्हॅन आहे, डब्यातली पोळी आहे. पोरगं मानेवाड्याला असो की महालात, त्याला भूक लागायची ती लागतेच.

शिवाय तुमच्याच पत्रातला हिशेब बघा. पैसे नऊ महिन्यांपासून बंद आणि भेट चार महिन्यांपासून. मधल्या पाच महिन्यांत सुनेनं एक पैसा न मिळता दर पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी पोरगं तुमच्या दारात आणून सोडलं. दहा रविवार. ती चुकली असं मी म्हटलं, ते खरंच आहे. पण आधी कोण चुकलं आणि किती दिवस कोणी सोसलं, हे तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय, बहुधा न कळत.

आणि कोर्टालाही हा हिशेब येतो. कायद्यात खावटी आणि भेट वेगळी असली तरी दोन्ही अर्ज बऱ्याचदा एकाच न्यायाधीशासमोर असतात. बाप भेटीसाठी उभा राहिला की समोरून पहिला प्रश्न येतो, "खावटी किती बाकी आहे?" मी हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की पक्षकाराला पेशीच्या आदल्या दिवशीच आकडा पाठ करून यायला सांगते. तो प्रश्न शिक्षा म्हणून विचारला जात नाही. पालकत्व कायद्याचं कलम १३ सांगतं की सगळ्यात वर मुलाचं हित. जो बाप ऐपत असून मुलाच्या शाळेच्या फीला हात लावत नाही, त्याला मुलाची काळजी किती, हा प्रश्न न्यायाधीशाच्या मनात येणारच. मग भेट बंद होत नाही, पण तिचं रूप बदलू शकतं. दिवसभराची भेट दोन तासांवर येते. घराऐवजी कोर्टाच्या आवारात, समुपदेशकांच्या देखरेखीखाली ठरते. सुट्टीतला आठवडा कापला जातो. आई हट्टानं महिनोन्महिने अडवत राहिली तर पारडं तिच्याविरुद्धही झुकतं. बुडालेले रविवार भरून द्यायला लावतात, आणि फारच झालं तर ताबा कुणाकडे असावा याचाही फेरविचार होतो. दोघंही आपापल्या हुकुमी पत्त्यावर बसलेत असं त्यांना वाटतं, आणि दोघांच्याही हातात नुसती दुर्री आहे.

पोलिसांचं म्हणाल तर कोणी परस्पर येऊन उचलून नेत नाही. आधी सुनेला कोर्टात जावं लागतं. तुमचा हुकूम संमतीच्या घटस्फोटातला, म्हणून ती वसुलीसाठी दरखास्त, म्हणजे हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावेल. नऊ महिन्यांचे ७२,००० झाले, दहावा लागला की ८०,०००. प्रत्येक थकलेल्या हप्त्यासाठी तिच्याकडे तो थकल्या दिवसापासून १२ वर्षं आहेत, त्यामुळे "विसरेल ती" या आशेवर राहू नका. दरखास्तीत बँकेचं खातं गोठतं, गाडी जप्त होते. कारागिराची अवजारं कायद्यानं जप्तीतून वगळली आहेत, म्हणजे त्याचे पाने आणि गेज वाचतील, कार वाचणार नाही. नोकरीत असता तर खावटीच्या वसुलीसाठी पगाराचा दोन-तृतीयांश भागसुद्धा कापता आला असता. इतर कर्जांच्या वसुलीत इतका कधीच कापत नाहीत, यावरून खावटीचं वजन ओळखा. ऐपत असून देत नाही असं दिसलं तर दिवाणी कैद, तीन महिन्यांपर्यंत.

सुनेनं वेगळी "१२५ ची केस", म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालची, टाकून खावटीचा हुकूम घेतला असता तर रस्ता थोडा निराळा. १ जुलै २०२४ पासून ते १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय, पण नागपूरच्या कोर्टात अजून सगळे १२५ च म्हणतात. त्यात थकलेली रक्कम वर्षाच्या आत मागावी लागते. वॉरंट निघतं, आणि तरीही भरलं नाही तर एक महिन्यापर्यंत, किंवा पैसे भरेपर्यंत, कैद. आणि तुरुंगात जाऊन आलं म्हणजे देणं फिटलं, असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच सांगून ठेवलंय की कैद हा वसुलीचा मार्ग आहे, पावती नाही. "चार दिवस आत राहून येतो, मग सुटलो" म्हणणारे बहाद्दर मला भेटलेत. बाहेर आल्यावर आकडा तिथेच उभा असतो, उलट एका महिन्यानं वाढलेला.

आता तुमच्या मुलाच्या बाजूनंही बोलते, कारण पत्र तुमचं आहे आणि पोटात तोच होता. त्याची नोकरी सुटली हे खोटं नाही. पैसे नसणं आणि असून न देणं यात कायदा फरक करतो. गरिबी हा गुन्हा नाही. दिवाणी कैदेच्या आधीसुद्धा कोर्टाला ऐपतीची खात्री करावी लागते. मग त्यानं नोकरी सुटली त्याच महिन्यात काय करायला हवं होतं? एक साधा अर्ज. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलाच्या खर्चाचा हुकूम, घटस्फोट झाल्यानंतरही, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. संमतीनं लिहून दिलेली रक्कमसुद्धा दगडावर कोरलेली नसते. आठाचे पाच झाले असते, निदान काही महिन्यांपुरते. त्याऐवजी त्यानं काय केलं, तर गप्प बसला. माझ्याकडे येणाऱ्या थकबाकीदार बापांपैकी बहुतेकांची खरी चूक हीच असते. पैसे नव्हते म्हणून नाही, कळवलं नाही म्हणून अडकतात. अर्ज आत्ता टाकला तरी कपात झाली तर ती साधारणपणे पुढच्या महिन्यांची. मागचे ७२,००० उभेच राहतात.

आणि अर्ज टाकताना त्या कारचा विषय निघणारच आहे. इथे एक नागपूरची गोष्ट सांगते. देशभरातली कौटुंबिक न्यायालयं आज खावटीच्या केसमध्ये दोन्ही बाजूंकडून मिळकत आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र घेतात, हा नियम आला कुठून? रजनेश विरुद्ध नेहा या निकालातून, ४ नोव्हेंबर २०२०. आणि ती केस आपल्याच शहरातली. २०१५ साली नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयानं आईला महिना १५,००० आणि मुलाला आधी ५,०००, मग १०,००० अशी अंतरिम खावटी लावली. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात ती कायम राहिली, मग दिल्लीला गेली, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्या निमित्तानं साऱ्या देशासाठी नियम घालून दिले. दोघांनीही कमाई, घर, गाडी, कर्ज, हप्ते सगळं शपथेवर सांगायचं. खावटी अर्ज टाकल्या तारखेपासून द्यायची. आणि दिवाणी हुकूमनाम्यासारखी तिची वसुली करता येते. तुमच्या मुलाच्या प्रतिज्ञापत्रात एका ओळीत "उत्पन्न नियमित नाही" आणि खालच्याच ओळीत "कारचा हप्ता, नियमित" असं लिहिलेलं असेल. त्यावर समोरचे वकील काय बोलतील, ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. कार लपवायला जाल तर शपथेवर खोटं बोलल्याची दुसरी केस. गाडी धंद्याला लागत असेल तर तसं लिहावं, कुठल्या गिऱ्हाइकाकडे जातो ते दाखवावं, पण लिहावं.

"ती कमावतेच ना" याचंही उत्तर देऊन टाकते. मुलाला पोसण्याची जबाबदारी आई-बाप दोघांची, हे खरंच आहे, आणि वाटणी दोघांच्या मिळकतीच्या प्रमाणात होते. पण ती कमावते म्हणून त्याचा वाटा शून्य होत नाही. शिवाय पोरगं सकाळ-संध्याकाळ तिच्याजवळ असतं. रात्री ताप चढला तर जागरण कोण करतं, त्याची पावती कुठल्या कोर्टात मिळत नाही.

तुमच्या पेन्शनीबद्दल. कायद्यानं चालतं. पैसे कोणी भरले याला कोर्टात महत्त्व नाही, कशापोटी भरले याला आहे. म्हणून नातवाच्या हातात पाचशेची नोट, नवे बूट, सायकल, असलं काही खावटीत मोजलं जाणार नाही. मी असे आजोबा पाहिलेत ज्यांनी वर्षभरात चाळीस हजारांचं सामान दिलं आणि कोर्टात एक रुपयाही मोजला गेला नाही. भरायचे तर सुनेच्या खात्यात, बँकेतून, आणि शेऱ्यात "अमुक महिन्याची खावटी" असं स्पष्ट. रोख देऊच नका. दिलीच तर सही घ्या.

पण चालतं म्हणून तुम्ही सगळं भरावं असं मला वाटत नाही. तुमच्या पेन्शनीवर त्याची कार चालायला लागेल, आणि पुढच्या वर्षी हेच पत्र तुम्ही मला पुन्हा लिहाल. माझं ऐकाल तर दोन महिन्यांची चालू खावटी तुम्ही भरा, सोळा हजार, म्हणजे पोराच्या शाळेचं अडणार नाही. थकबाकीला मात्र हात लावू नका. ती त्यानं फेडायची, भले महिन्याला चार-चार हजारांनी. आणि ते सोळा हजार त्याला उसने म्हणून द्या, आई म्हणून नाही. जड जाईल, मला माहीत आहे.

सुनेला फोन कराल तेव्हा, ती अजूनही तुम्हाला "आई" म्हणते की नाही मला ठाऊक नाही, पण पहिलं वाक्य पैशाचं असू द्या. "या महिन्याचे आठ टाकले, बाकीचे तो असे-असे देईल" एवढंच. नातवाचा विषय तिलाच काढू द्या. कोर्टात खेचू, पोलिसात देऊ, नातेवाइकांत बदनामी करू, यातलं काहीही नको. आणि हात जोडून सांगते, शाळा सुटायच्या वेळी गेटपाशी जाऊन उभं राहू नका. नातवाशी फोनवर बोलणं झालं तर "तुझी आई येऊ देत नाही" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. सात वर्षांचं पोरगं ते ऐकतं आणि रात्री आईच्या कुशीत जाऊन जसंच्या तसं सांगतं. मग पुढचा रविवारही गेला.

तुमचा स्वतःचा हक्क विचारला नाहीत, पण पत्रभर तोच आहे. आजी-आजोबांच्या भेटीसाठी आपल्याकडे वेगळं कलम नाही. नातू तुमच्याकडे येतो तो बापाच्या वाट्याच्या वेळेत. म्हणजे मुलाची घडी नीट बसवणं, हाच तुमचा नातवापर्यंतचा रस्ता.

घडी बसवायची ती कौटुंबिक न्यायालयातच. मुलानं एकच अर्ज टाकावा आणि त्यात सगळं प्रामाणिकपणे लिहावं. नोकरी कधी सुटली, आता काय मिळतं, थकबाकी किती आणि कशी फेडणार, चालू रक्कम किती झेपेल. त्याच अर्जात बुडालेल्या आठ रविवारांची भरपाई मागावी आणि मधल्या दिवसांत रोज पाच-दहा मिनिटं व्हिडिओ कॉल. यशिता साहूच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं असा रोजचा संपर्कही सांगितलाय, त्यामुळे ते जगावेगळं मागणं नाही. अर्जासोबत थोडी तरी रक्कम भरल्याची पावती जोडलेली असली की न्यायाधीशांचा आवाज बदलतो, हे माझं वर्षानुवर्षांचं निरीक्षण. तोवर दर पहिल्या-तिसऱ्या शनिवारी सुनेला एक सभ्य मेसेज पाठवावा: उद्या अकराला घ्यायला येऊ का? तिनं नाही म्हटलं तर वाद घालू नये. मेसेज राहू द्यावा, पुढे कामाला येतो. तारखेआधी दोघांना समुपदेशकांकडे पाठवतील. तिथे बऱ्याच केसेसमधला वाद निम्म्यावर येतो. मुलांच्या खर्चाचे चालू केसमधले अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावेत असं कायदा म्हणतो. तो "शक्यतो" फार मोठा शब्द आहे, म्हणून आजच लागा. वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००. बायांना तिथे उत्पन्नाची अट न घालता वकील मिळतो. म्हणजे सुनेलाही मिळतो, हे मुलाला सांगून ठेवा. ती गप्प बसली आहे ती पैसे नाहीत म्हणून, असा त्याचा समज असेल तर तो काढून टाका.

आता तान्हा पोळा. महालात राहता, म्हणजे त्याच दिवशी काळी-पिवळी मारबत, रोगराई-संकटं घेऊन जाणाऱ्या त्या पुतळ्यांची मिरवणूक, तुमच्या दारावरूनच गेली असेल, "घेऊन जा गे मारबत" म्हणत. दरवर्षी त्यात महागाईचा, भ्रष्टाचाराचा बडग्या, म्हणजे खिल्ली उडवणारा पुतळा, निघतो. खावटी बुडवणाऱ्याचा बडग्या मी तरी अजून पाहिला नाही. एखाद्या वर्षी निघाला तर आमच्या बाररूममधून वर्गणी मिळेल.

पण तुमच्या पत्रातल्या त्या पुसलेल्या नंदीनं मला माझीच एक चूक दाखवली. संमतीच्या अटी लिहिताना आम्ही वकील जुना मसुदा समोर घेतो आणि नावं बदलतो. त्यात दिवाळी असते, उन्हाळा असतो, गणपती असतात, नाताळची सुटीसुद्धा असते. तान्हा पोळा नसतो, कारण तो मसुदा मुंबई-पुण्याकडून आलेला, आणि तिकडे नंदी घेऊन घरोघरी फिरणारी पोरं नसतात. मी स्वतः कित्येक वर्षं हे कलम घालायला विसरत आले. तुमच्या मुलाच्या अर्जात शेवटी एवढी ओळ टाकायला सांगा: "तान्हा पोळ्याच्या दिवशी, सम वर्षी, मुलगा सकाळी १० ते सायंकाळी ७ वडिलांकडे राहील, विषम वर्षी आईकडे." सुनेलाही हा सण हवा असणार, तीही इथलीच. म्हणून आलटून-पालटून. विषम वर्ष तिला देऊन टाका, हे यंदाचं तिचंच समजा. २०२६ तुमचं.

तोवर नंदीच्या चाकांना तेल घालून ठेवा. वर्षभर ठेवून दिला की ती अडकतात.